गळ्यातला पहारेकरी

साळव्यांच्या घरात सकाळी सगळ्यात आधी विचारलं जाई ते एवढंच, "आज किती?"

विचारणाऱ्या रूपालीबाई, तनिष्काच्या सासूबाई. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात रत्नागिरी-देवरूख रस्त्यावर गेलेली, त्यामुळे स्वयंपाकघरातून बोललं तरी त्यांचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचे. दीड महिन्याची कुहू दचकून जागी व्हायची, मग आजीचाच आवाज आहे हे कळून पुन्हा डोळे मिटायची.

"दोन टक्के," तनिष्का म्हणे.

"कालच्याइतकाच. चांगलं आहे."

तेव्हा खरोखरच सगळं चांगलं होतं.

दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या लग्नात ठुशी घालताना तनिष्काला गळ्यात सुपारीएवढी गाठ लागली होती. थायरॉईडचा कॅन्सर. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर शबाना मुकादम तिला म्हणाल्या होत्या, "कॅन्सरच व्हायचा तर त्यातल्या त्यात हा समजूतदार. काढला की बहुतेकदा गपचूप जातो. पण परतायची वाट त्याला माहीत असते, म्हणून दारावर लक्ष ठेवायचं." ग्रंथी त्यांनी जवळजवळ सगळी काढली. आवाजाच्या नसेला चिकटलेला, निरोगी दिसणारा एक पापुद्रा तेवढा राहू दिला. तो खरवडायला जावं तर बाईचा आवाज जायचा. आणि टाके घालण्याआधी त्या जागी बसवला एक कण.

हा कण तिळापेक्षाही लहान. थायरॉईडच्या पेशी, मग त्या निरोगी असोत की बिघडलेल्या, थायरोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन रक्तात सोडतात. ग्रंथीच काढून टाकल्यावर ते जवळजवळ नाहीसं व्हायला हवं. ते पुन्हा वाढू लागलं तर कुठेतरी पेशी पुन्हा कामाला लागल्या, असा त्याचा अर्थ. पूर्वी हे बघायला सहा महिन्यांनी रक्त द्यावं लागे. कणाच्या पृष्ठभागावर मात्र डीएनएच्या धाग्यांचे बारीक गळ होते. प्रथिनाचा रेणू आला की गळ मिटे, विजेची एक सूक्ष्म चमक निघे, आणि थोड्या वेळाने गळ रेणूला सोडून पुन्हा उघडे. दिवसरात्र ही मासेमारी चाले. चमका ऐकणारं यंत्र मंगळसूत्राच्या वाटीच्या आकाराचं होतं. एक वाटी सोन्याची, दुसरी यंत्राची. सासूबाईंना पहिल्यांदा ते बघवलं नव्हतं, पण कुहूला ती यंत्राचीच वाटी चोखायला आवडे.

यंत्राकडून आकडे जात 'पहारा' नावाच्या प्रणालीकडे. पहाऱ्याजवळ लाखो रुग्णांचे आलेख होते. तनिष्काचा आलेख त्यांच्या शेजारी ठेवून तो रोज सकाळी एकच आकडा सांगे: आजार परत येण्याची शक्यता, टक्क्यांत. आकडा घरच्यांच्याही फोनवर दिसावा अशी सोय होती. वेदांतने, म्हणजे तनिष्काच्या नवऱ्याने, हौसेने सगळ्यांना जोडून दिलं. सासूबाई, देवरूखची विद्यामावशी, मुंबईचे भाऊकाका. "तुझ्या एकटीच्या डोक्याला ताप नको," तो म्हणाला होता. त्याचं मिरकरवाड्याला मच्छीमार होड्यांच्या बॅटऱ्या भरून देण्याचं केंद्र होतं. अर्धी भरलेली बॅटरी आणि पूर्ण भरलेली बॅटरी यांतला फरक आकड्यावर कळतो, एवढ्यावर त्याचं आयुष्य चाललेलं.

तनिष्का माहेरी बाळंत झाली, दीड महिन्याने घरी परतली, आणि थोड्याच दिवसांत आकडा चढू लागला.

आधी तीन. मग पाच.

"पाच?" सासूबाई चमचा हातात धरून दारात आल्या. "अगो, अशक्तपणा असणार. बाळंतपणात अंगातलं सगळं निघून जातं. थांब तू."

त्या दिवसापासून खिरीला दमदारपणा आला. आळिवाची खीर त्या आधीपासून करतच होत्या: भिजवून फुगलेले आळीव, दूध, गूळ, वर जायफळ. आता तिच्यात नाचणीचं सत्त्व आलं. आकडा सातवर गेला तेव्हा तिळाचं कूट आलं. नऊवर गेला तेव्हा खारीक आणि डिंक. तनिष्का जाग आल्याबरोबर थायरॉईडची गोळी घेई, ती आता जन्मभराची होती, आणि घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच दारात वाटी हजर.

"औषधाच्या पाठोपाठ गेली की अंगी लागते," सासूबाई म्हणत. "आणि आमची गाडी उशिरा लागत नाही."

तनिष्का खाई. चव खरंच छान असे, आणि नको म्हणायचं कुणाला. सत्तावीस वर्षं उभ्याने नोकरी केलेली बाई तिच्यासाठी पहाटे उठून आळीव ढवळते, याचं तिला अप्रूपही होतं आणि थोडं ओझंही.

डॉक्टर मुकादमांनी रक्त तपासलं. "टीएसएचही वर आहे. गोळी रिकाम्या पोटी घेतेस ना?"

"हो. उठल्या उठल्या."

"मग डोस वाढवू. बाळंतपणानंतर होतं असं."

डोस वाढला. पहाऱ्याला ते कळवलं गेलं. त्याच्या हिशेबाने आता आलेख उतरायला हवा होता. तो उतरला नाही, आणि औषध वाढवूनही उतरत नाही म्हटल्यावर पहारा आणखीच बिथरला. अकरा. तेरा. चौदा.

"पंधराची रेघ आहे," डॉक्टर पुढच्या भेटीत म्हणाल्या. त्यांनी खुर्ची टेबलापासून थोडी मागे घेतली, तेव्हाच तनिष्काला कळलं की आता काहीतरी ऐकावं लागणार. "थायरॉईडच्या पेशी आयोडीनला हावरट असतात. म्हणून आपण किरणोत्सारी आयोडीन प्यायला देतो. जिथे कुठे पेशी उरल्या असतील तिथे ते जातं आणि त्यांना जाळतं. चांगला उपाय आहे. पण दूध येत असलेल्या छातीतही आयोडीन शिरतं. म्हणून आधी दीड महिना बाळाला अंगावरून पूर्ण तोडावं लागेल. आणि या बाळाला पुन्हा पाजता येणार नाही. उपचारानंतर काही दिवस तिला जवळही घ्यायचं नाही."

तनिष्काच्या मांडीवर कुहू यंत्राची वाटी चोखत होती.

"कधी ठरवायचं?"

"पुढच्या महिन्याच्या तपासणीला. तेव्हा रेघेच्या वर असेल तर थांबण्यात अर्थ नाही."

घरी जाताना वेदांतने गाडी जयस्तंभापाशी थांबवून शहाळं घेतलं. तिला दिलं. मग म्हणाला, "बाटलीवरही मुलं वाढतात गं."

"माहितीय मला."

"मी स्वतः वाढलो. आई ड्युटीवर असायची."

"म्हणूनच डोक्यात बॅटऱ्या भरल्यात," ती म्हणाली. तो हसला. तिलाही थोडं हसू आलं. पण शहाळ्यातली नळी तिने चावून चावून चपटी केली होती.

बाटलीचा प्रश्नच नव्हता. कुहू पिताना एक हात वर करून तिच्या गळ्यावरच्या व्रणावर ठेवायची. बारीक, फिकट रेघ होती ती, आणि त्या बोटांना ती आवडायची. तनिष्काने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून आकड्यात काय फरक पडणार होता?

त्याच आठवड्यात देवरूखहून फोन आला. विद्यामावशी अंगणात घसरून पडली होती, मनगट मोडलं होतं. सासूबाई पिशवी भरून निघाल्या. निघताना एका काचेच्या बरणीत आळीव, सत्त्व, तीळ, खारीक असं कोरडं मिश्रण करून ठेवलं. "दोन चमचे भिजव, दुधात उकळ. आळस करू नकोस. चौदावर आहे आकडा."

"करते आई."

केलं नाही. सकाळी कुहू लवकर जागी व्हायची, वेदांतला बंदरावर जायची घाई, दूध उतू जायचं. दोन दिवस राहिलं, मग राहूनच गेलं. संध्याकाळी फोनवर सासूबाई विचारत, "खीर घेतलीस?" आणि तनिष्का म्हणे, "हो आई, घेतली." एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांचा जीव कशाला टांगायचा.

आणि आकडा उतरू लागला.

आधी तेरा. पुढच्या आठवड्यात दहा. तनिष्काने यंत्राची वाटी काढून पुसली, फोन बंद करून चालू केला. आठ. तिचा विश्वास बसेना. वाईट बातमीवर ती लगेच विश्वास ठेवायची, चांगलीला मात्र खोदून खोदून विचारायची, हा तिचा जुना स्वभाव. बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करताना साहेब म्हणायचे, मोहितेबाई उगवलेल्या रोपालाही पुरावा मागतात. लग्नाआधीचं ते आडनाव. साहेबांना नवं कधी रुळलंच नाही.

सहावर आला त्या सकाळी भाऊकाकांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'सासू देवरूखला आणि आकडा पायथ्याला. याला योगायोग म्हणायचं की उपचार?' खाली हसणारे चेहरे. विद्यामावशीचा एक. वेदांतचा एक. सासूबाईंचाही एक.

दुसऱ्या दिवशी देवरूखहून सकाळचं 'आज किती?' आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तनिष्काला ते लगेच खटकलं. संध्याकाळी तिनेच फोन केला.

"विद्याला अजून जमत नाही गो," सासूबाई म्हणाल्या. इतक्या हळू, की तनिष्काला आवाज वाढवावा लागला. "राहते मी. तुमचं चाललंय ना नीट."

"मावशीचं प्लास्टर तर परवाच निघालं," वेदांत फोन ठेवल्यावर म्हणाला. "तिनेच फोटो टाकला होता." मग त्याचा चेहरा बदलला. "तनू, आईने भाऊकाकांचं मनावर घेतलं का?"

"तू हसायला कशाला गेलास?"

"आईपण हसली होती की."

"त्या हसणारच ना. दुसरं काय करतील?"

त्या दिवसापासून तनिष्काला आकड्याचा आनंद होईना. घर शांत होतं आणि ती शांतता तिला सोसवत नव्हती. बरं, पहाऱ्याचं खरंच म्हणणं काय होतं? सासूबाईंच्या असण्याने तिच्या गळ्यात आजार वाढतो? तिने सरळ डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला आणि विचारलं, "मॅडम, ताणामुळे थायरोग्लोब्युलिन वाढतं का?"

"कसला ताण?"

"समजा, घरातला. माणसांचा."

डॉक्टर मुकादम हसल्या. "सासूचा म्हणतेस का? सासवांमुळे वाढत असतं तर माझ्या ओपीडीला उभं राहायला जागा उरली नसती. नाही गं. त्या गेल्यापासून दुसरं काय बदललं? खाणं, झोप, गोळीची वेळ?"

"काहीच नाही. गोळी तशीच, उठल्या उठल्या."

बोलता बोलता तिची नजर फडताळावरच्या बरणीवर गेली. भरलेली, जशीच्या तशी.

ती उठली. चमचाभर मिश्रण वाटीत घेतलं, त्यावर पाणी घातलं. प्रयोगशाळेत तिने आळिवाच्या शेकडो नमुन्यांची उगवण तपासली होती. ओला कागद, त्यावर बी, आणि बघता बघता प्रत्येक बीभोवती फुगलेला बुळबुळीत गोळा. एकमेकांना चिकटलेल्या बिया सोडवताना चिमटा बरबटून जायचा. आता वाटीतही तेच चाललं होतं. तिळाचं कूट, सत्त्व, जे जवळ येईल ते त्या बुळबुळीत ओढलं जात होतं.

"तनिष्का? आहेस ना?"

"मॅडम, खीर," ती म्हणाली.

"कसली खीर?"

"आळिवाची. दूध, नाचणी, तीळ. आई गोळीच्या पाठोपाठ द्यायच्या. मी त्यांना घेते म्हणून सांगितलं, पण त्या गेल्यापासून घेतलीच नाही."

पडद्यावर डॉक्टरांनी चष्मा काढला. "मी तुला विचारलं होतं, रिकाम्या पोटी घेतेस ना."

"रिकाम्याच पोटी घेत होते. खीर नंतर."

"किती नंतर?"

तनिष्काने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "आमच्यात ते खाणं धरत नाहीत. बाळंतिणीचा खुराक. तो औषधातच धरतात."

"आमच्यातही," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "माझ्या अम्मीनेसुद्धा चाळीस दिवस हेच खाऊ घातलं होतं. तरी मला विचारायचं सुचलं नाही." त्यांनी कपाळावर हात मारला आणि मग समजावून सांगितलं. आळिवातलं लोह, दुधातलं आणि तिळातलं कॅल्शियम, वरून तो चिकट गोळा, या सगळ्यांनी मिळून आतड्यात गोळी धरून ठेवली. औषध रक्तात पोचलंच नाही. औषध कमी म्हटल्यावर मेंदूखालची ग्रंथी टीएसएच सोडून ओरडत सुटली: थायरॉईड कुठे आहे, काम करा. ते ऐकून आवाजाच्या नसेजवळ राहू दिलेला तो निरोगी पापुद्रा इमानाने कामाला लागला. त्याचं प्रथिन कणाच्या गळाला लागलं. "कणाने मोजलं ते बरोबर. पहाऱ्याने अंदाज केला तोही त्याच्या परीने बरोबर. त्याला फक्त खीर माहीत नव्हती."

"आणि आकडा वाढला की आई खिरीत भर घालायच्या."

"म्हणजे खिरीने आकडा वाढायचा आणि आकड्याने खीर."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला.

"अजून नक्की म्हणत नाही मी," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या रक्त दे, गळ्याची सोनोग्राफी करू."

रक्त दिलं. टीएसएच उतरून आता उलट जरा जास्तच खाली गेला होता, वाढवलेला डोस पूर्ण पोचत होता म्हणून. सोनोग्राफीत तो पापुद्रा आपल्या जागी, निवांत. बाकी काही नाही. डॉक्टरांनी डोस पूर्वीचा केला आणि आयोडीनचा कागद दुमडून ठेवला. "दूध तोडायचं नाही," एवढंच म्हणाल्या. तनिष्का बाहेर येऊन बाकावर बसली आणि तिथेच पदराआड कुहूला घेतलं. लहान बोटं वर आली, व्रणावर टेकली.

दुसऱ्या दिवशी ती कुहूला घेऊन देवरूखच्या एसटीत बसली.

सासूबाई मावशीच्या पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. नातीला बघून त्यांचे हात आपोआप पुढे झाले, मग अर्ध्यावर थांबले. "एवढ्या लांब तिला कशाला आणलंस?" त्यांनी जवळजवळ कुजबुजत विचारलं.

"तुम्हाला न्यायला आलोय."

"चारवर आलाय ना आकडा. मी बघते रोज, विचारत नसले तरी." त्यांनी शेंग मोडली. "मी इथंच बरी गो. तुझी तब्येत महत्त्वाची. मला वाईट वाटलेलं नाही."

"आई, मी तुमच्याशी खोटं बोलले."

हात थांबले.

"खीर घेतली म्हणून सांगत होते, ती घेतलीच नाही. एकदाही नाही. बरणी आहे तशी आहे." आणि मग तिने सगळं सांगितलं: गोळी, आळीव, चिकट गोळा, पापुद्रा. सांगताना तिला भीती वाटत होती. तीन महिने पहाटे उठून जे ढवळलं त्यानेच असं झालं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं.

सासूबाई ऐकत राहिल्या. कपाळावर आठी होती, बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून वाद घालणाऱ्याकडे बघताना असावी तशी.

"म्हणजे खिरीने," त्या म्हणाल्या.

"खिरीने. म्हणजे खीर चांगलीच होती, फक्त वेळ—"

"थांब. म्हणजे मी नव्हे?"

"तुम्ही नव्हे."

"माझ्या असण्याने काही नाही?"

"काही नाही, आई. मी डॉक्टरांना विचारलं. त्या हसल्या."

सासूबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. आधी खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग जे हसू फुटलं त्याने परसातल्या कोंबड्या पळाल्या. आतून विद्यामावशी धावत आली. "काय गो झालं?"

"मेली खीर होती," सासूबाई डोळे पुसत ओरडल्या, आपल्या मूळच्या आवाजात. "खीर. आणि मी इथं हळू बोलायला शिकत होते."

"म्हणून होय?" मावशी म्हणाली. "मी म्हटलं हिचा घसा बसला. रोज हळदीचं दूध देतेय."

कुहू दचकली, आवाज ओळखीचा लागला, आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

पुढच्या तपासणीपर्यंत आकडा दोनवर आला आणि तिथेच राहिला. शून्य पहारा कधीच सांगत नाही. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की शून्याची वाट बघू नकोस, दोन घेऊन माणसं म्हातारी होतात. तनिष्काने घरच्यांचे फोन पहाऱ्यातून काढले, भाऊकाकांचा आधी. स्वतःच्या फोनवरही रोजचा आकडा बंद करून घेतला. काही वावगं दिसलं तर पहारा थेट डॉक्टरांना कळवणार होता. पहिले काही दिवस तिचा हात सवयीने फोनकडे जाई. मग ते कमी झालं. अजूनही गळ्यावरून बोट फिरवताना तिला कधी कधी धस्स होतं, पण दिवसभर नाही.

खीर मात्र बंद झाली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळीनंतर चांगले चार तास जाऊ द्या. सासूबाईंनी, कुठे चुकायला नको म्हणून, थेट दुपारचे चार ठरवून टाकले.

आजही त्या वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. तनिष्का झोपाळ्यावर, मांडीवर कुहू. खिरीवर जायफळाचा वास तरंगत होता आणि कुहू वाटीकडे टक लावून बघत होती. पुढच्या आठवड्यात तिचं उष्टावण होतं, तिच्या मामाचं तिकीटही काढून झालं होतं.

"द्या ना आई, निवतेय ती."

सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "अजून पाच मिनिटं आहेत."

"पाच मिनिटांनी काही होत नाही. गोळी कधीच पोचली असेल."

"गाडी वेळेच्या आधी सोडत नाहीत," त्या शेवटच्या सीटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "कुणीतरी मागून धावत येत असतं."

आणि त्या तशाच उभ्या राहिल्या, वाटी दोन्ही हातांत धरून, काटा सरकेपर्यंत.